पिनबॉलचं पहिलं मशीन

सुकुमार, विट्याला जाशील तर सकाळी जा.
लांबूनच दिसेल गलाईवाल्याचा बंगला,
कोईमतूरच्या सोन्यावर बांधलेला, वर्षभर बंद.
चावी रंगराव वॉचमनकडे असते.
त्याच्याशी आधी दराचं बोलू नकोस. द्राक्षांचं बोल.

तो पहिल्यांदा दिवे लावून दाखवेल.
भुलू नकोस,
दिवे काय, मांडवालाही असतात.

टॉर्च ने. काच काढायला लाव
(आणि काच गोणपाटावर उभी कर,
माझी पहिली अशीच गेली, हरभट रोडला, भर दुपारी).
मग वाकून वास घे.
सांगलीत राहून गेलेलं मशीन असेल
तर आतून कुठेतरी गाळाची रेघ सापडेल,
कृष्णामाईची सही.
पाचची असो, एकोणीसची असो.
रंग देणारे बाहेरूनच देतात.
तळफळी अंगठ्याने दाब;
चहातल्या बिस्किटासारखी लागली
तर रंगरावला रामराम घाल आणि एसटी धर.

नाहीतर खेळ. पाच चेंडू, पाचही.
डावा फ्लिपर आळसावून उठला तर पाच हजार उतरव,
आनंदाने उतरव, कारण मिरजेत दस्तगीर आहे,
सतारीच्या तारा ओढता ओढता कॉइल गुंडाळून देतो.
पण मागच्या काचेवरच्या बाईचा चेहरा सोलला असेल
तर तो दस्तगीरही परत आणत नाही,
आणि रोज बघायचंय तुला तिच्याकडेच.

हो, जिना मोज. त्याचा नव्हे, तुझा.
मी मोजला नव्हता.
माझं मशीन दोन वर्षं हळदीच्या वखारीत उभं होतं,
अजून जोरात खेळलं की पिवळं उडतं.

पिकअपमध्ये चढवण्याआधी चेंडू काढून
खिशात ठेव. आत राहिला
तर खड्ड्याखड्ड्याला काच ठोकत
मिरजेपर्यंत एकटाच खेळत येईल.

घरी पाय पाणसळीने लाव.
आत एक लोलक लोंबतो, त्याची ओळख करून घे.
थोडा धक्का चालतो मशीनला,
लागतोच. बाजूने, कमरेने, हलकेच.
जास्त झाला की ते भांडत नाही,
फ्लिपर सोडून देतं
आणि डोळ्यांदेखत चेंडू जाऊ देतं.
किती म्हणजे जास्त, ते काकूला विचार.
येताना तासगाव लागतंच.

पहिल्या आठवड्यात बंद पडेल. पडतं.
फोन कर,
रात्री केलास तरी चालेल.