वाहक

माझ्या मशीनला ताप येत नाही,
हे मी पाटणबोरीच्या फाट्यावर
इतक्यांदा सांगितलं की
रसवंतीवाल्याच्या पोरालाही पाठ झालं.

मशीन जिनिंगच्या ऑफिसातलं, भंगारात निघालेलं.
टेकामनं त्यात लिनक्स टाकलं,
आत अडकलेली सरकी बोटानं काढत म्हणाला,
"अँटीव्हायरसचे पैशे वाचले तुये, ताई.
कोनी आत येतो म्हटलं, त हे आंधी तुले इचारते."

समोर अलोणेचं दुकान. त्याचं विंडोज
दर महिन्याला आजारी.
एकदा अख्ख्या लग्नाचे फोटो शॉर्टकट झाले,
नवरी उघडायला जावं तर काळी खिडकी
लुकलुकून मिटायची.
मी हसले होते.

पेनड्राइव्ह मात्र दोन्ही दुकानांत फिरायचे,
खिशातल्या तंबाखूच्या पुडीसकट, किल्ल्यांसकट.
तिकडे लपलेलं ते
माझ्याकडे ढळढळीत दिसायचं:
खरं फोल्डर, शेजारी त्याचं सोंग,
आणि कोपऱ्यात एक बिननावाची फाईल,
फरशीवर सांडलेल्या बियाण्यासारखी.
फरशीवर काय उगवणार.
मी प्रिंट काढायची,
पेनड्राइव्ह परत द्यायची.

बोरकुटे सरांचाही असाच दिला,
साडेचारच्या गाडीत, कंडक्टरच्या हातात.
त्याच्या सीटवर रंगानं लिहिलंय: वाहक.
तो काही उघडत नाही, वाचत नाही,
त्याला काही होत नाही.

शाळेत अकरा कॉम्प्युटर.
शनिवारपर्यंत अकराही.
सातवीच्या मुलींनी गावातल्या विहिरींची यादी केली होती,
कुठली किती हात खोल,
कुठल्या विहिरीवर आधी कुणाला
पाणी भरू देत नव्हते.
ती गेली.
सरांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता.
"तुमच्याकडूनच आला होता नं?"
"माझं लिनक्स आहे, सर."
"बरं," म्हणाले,
आणि थोडा वेळ फोन ठेवलाच नाही.

मग पोळ्याच्या आठवड्यात प्रिंटर अडला.
मोबाईलवर कुठलीशी ओळ सापडली,
चिकटवा म्हणे, लगेच सुरू होईल.
मशीननं विचारलं.
टेकाम म्हणाला होता तसंच, आधी विचारलं.
गिऱ्हाईक उभं होतं. मी पासवर्ड दिला.
प्रिंटर सुरू झाला,
आणि रात्री शटर ओढल्यावर
आत पंखा घरघरायला लागला.
चार रात्री कुणाचं तरी दळण
माझ्या जात्यावर, माझ्या मीटरवर.

टेकाम आला. सगळं पुसून नव्यानं टाकलं.
मी म्हटलं, "यातलं सारं लिवलेलं उघडं असते म्हने नं तू,
सारं जग पाहते म्हने?"
"दिसते साऱ्याइले," तो म्हणाला,
"पाहाले बसते कोन?
आपला हापसाच घे. पानी सारं गाव भरते.
ग्रीस टाकनारा एकटा सोनबा होता,
तो गेला पोराकडं चंद्रपूरले."

आता आलेला प्रत्येक पेनड्राइव्ह मी आधी तपासते,
माझ्या मशीनला गरज नसली तरी.
दहा मिनिटं जातात, गिऱ्हाईक कुरकुरतं,
अलोणे रस्त्यापलीकडून विचारतो,
तुले काहून पायजे हे झंझट.
मुली यादी पुन्हा करताहेत, या वेळी आधी वहीत.

काल साडेचारची गाडी हॉर्न देत होती,
कंडक्टर दारातून हात लांब करून उभा
आणि स्क्रीनवरची पट्टी अजून अर्ध्यातच.
"द्या नं बाप्पा लवकर!"
मी म्हटलं, उद्याच्या गाडीनं.