चीक पिण्याआधी

तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस.
मोर्स बेटावरची पोरंसुद्धा हे बोटांवर मोजतात.
चारशे सतरा. पहिलारू.
तिनं दिवस पुरे भरले,
एकदाही खाणं टाकलं नाही, अंग तापलं नाही.
फ्योर्डवरचा वारा शेडचा पत्रा उचकटायला बघायचा
तेव्हाही ती कुशीवर संथ घोरत असायची.

पहाटे व्याली.
इलिंकाचा फोन आला:
"डॉक्टर, पिलं झालीत.
पण सगळी एका वयाची नाहीत."

सव्वीस वर्षांच्या नोकरीत
इतकं अचूक निदान मी फोनवर ऐकलं नव्हतं.

निळ्या प्लॅस्टिकवर तिनं ती मांडून ठेवली होती,
धाकट्यापासून थोरल्यापर्यंत,
शाळेच्या फोटोत उभी करतात तशी –
हे मनात आलं, ते मी मनातच ठेवलं.
स्टीलची पट्टी काढली.
साडेपाच सेंटिमीटर. एकोणचाळिसावा दिवस.
नऊ. एक्कावन्नावा.
बारा. पुन्हा बारा.
पाणी आटलेली, चामट,
जुन्या पाकिटाच्या रंगाची.
मिलिमीटरला तीनानं भागायचं, एकवीस मिळवायचे;
मरणाची तारीख काढायला
चौथीतलं गणित पुरतं.

विषाणू सगळ्यांकडे एकदम गेला नाही.
आधी एकाकडे. काही दिवसांनी शेजारी.
वीजमीटर वाचायला येणारा माणूस
गल्लीतून चालत जातो तसा,
निवांत, एकही घर न चुकवता.

टोरकिल दारातच उभा. टोपी हातात.
ऑक्टोबरमधली लस त्यानंच टोचली होती.
जुना फ्रीज, मागच्या भिंतीला चिकटलेल्या बाटल्या,
वर बर्फाची भुकटी.
तळहातांत धरून त्यानं त्या विरघळवल्या होत्या.
"थंडच ठेवायची असते ना?"
हो, म्हटलं. थंड.
गोठलेली नाही, हे म्हणायला
मला जरा वेळ लागला.

डुकरिणीची वार सहा पदरी.
आईच्या रक्तातली प्रतिपिंडं तिच्यातून पार होत नाहीत,
ती चिकातून द्यायची,
पिलू बाहेर आल्यावर, पहिल्या घोटांत.
तोवर आईची ढाल आईपाशी.
तिनं विषाणू परतवला, आणि तिला पत्ताही नाही.
जे पलीकडे जायचं ते अलीकडे अडलं,
जे जायला नको ते गेलं.
कसं गेलं, ते पुस्तकंही चाचरत सांगतात.

तीन पिलं जिवंत होती.
चीक पिण्याआधी रक्त घ्यावं लागतं,
नाहीतर आईचं कोणतं, पिलाचं कोणतं,
काही कळत नाही.
इलिंकानं सर्वांत बारक्याला उताणं धरलं.
ते मान वळवून वळवून सड शोधत होतं,
माझ्या हातमोज्याचं बोट चोखत होतं.
थांब, म्हटलं, थांब रे, झालं.
मग सोडलं.
ते घसरलं, उठलं, जाऊन लुचू लागलं.

सहाव्या दिवशी प्रयोगशाळेचा कागद आला.
दोघांचं रक्त कोरं.
बारक्याच्या रक्तात प्रतिपिंडं, भरपूर.
आईची नव्हेत; आईचं तोवर काही पोटात गेलंच नव्हतं.
म्हणजे तो माणूस त्याच्याही दारी आला होता,
पण सत्तराव्या दिवसानंतर, थोडा उशिरा,
आणि त्या काळोखात
शेजारी वाळून गेलेला भाऊ,
कुणी शिकवायला नाही,
तरी यानं स्वतःपुरतं हत्यार घडवलं होतं.

टोरकिलला फोनवर सांगितलं.
बराच वेळ पलीकडे नुसता शेडचा आवाज.
मग म्हणाला, "नवा फ्रीज आणलाय.
आत काटा आहे, तापमान दाखवणारा."
आणि जरा थांबून,
"बारकं कसं ओळखायचं? आता तिन्ही सारखीच दिसतात."

कानाचा नंबर सांगावा म्हणून मी वही उघडली.
लिहिलाच नव्हता.
त्या पानावर फक्त आकडे होते,
साडेपाच, नऊ, बारा, बारा,
आणि ओल्या बोटाचा एक डाग.