मधला पुठ्ठा

नाखोन पाथोमच्या बाहेर, कालव्यालगत,
आमच्या पडवीत चारशे बाटल्या.
चपट्या, दारूच्या, भंगारवाल्याकडून किलोवर घेतलेल्या,
आणि प्रत्येकीत एकच मासा.

एकच. दुसरा ठेवला तर सकाळपर्यंत
दोघांच्याही पंखांच्या चिंध्या.
म्हणून दोन बाटल्यांमध्ये एकेक पुठ्ठा.
पुठ्ठे आई कापते, मिळेल त्याचे:
बिस्किटांचे खोके, जुन्या कॅलेंडरांचे महिने,
निवडणुकीत पडलेल्या उमेदवाराचा अर्धा गाल.

नाव त्याचं प्ला-कात. चावरा मासा, एवढाच अर्थ.
माझ्या करंगळीएवढा.
वर येतो, हवेचा घोट घेतो, खाली जातो;
भागतं त्याचं तेवढ्यावर, ओंजळभर पाण्यात.
वाळकं बदामाचं पान सोडलं की
पाणी कोऱ्या चहासारखं होतं
आणि निळा मासा जास्तच निळा.

दुपारी एकदा पुठ्ठा काढायचा.
पंधरा मिनिटं, जास्त नाही.
समोरचा दिसला की कल्ले ताठ, शेपूट पसरते,
काचेवर धडक, पुन्हा धडक.
व्यापारी म्हणतो, यानेच पंख भरतात.
पुठ्ठा परत सरकवला तरी
तो बराच वेळ पुठ्ठ्याकडेच बघत राहतो.

आई सायुत,
पलीकडे तिची बहीण, मावशी लामदुआन.
मध्ये पत्रा.
भांडण आजोबांच्या पंपावरून;
पंप गंजून भंगारात गेला त्याला बारा वर्षं झाली.
पत्र्याला एक भोक आहे.
आई म्हणते तिने पाडलं. मावशी म्हणत असेल, हिने.

पुराच्या साली रात्रीतून पाणी चढलं.
बाटल्या उचलेपर्यंत फळ्याच तरंगायला लागल्या.
चारशे नर, एका पाण्यात.
मी कमरेएवढ्या पाण्यात बॅटरी धरून उभी,
आता कापाकापी बघायची म्हणून.
काही झालं नाही.
एक लाल एका पांढऱ्यासमोर आला, फुलला,
आणि पांढरा सरळ निघून गेला
बुडालेल्या भाताच्या पात्यांतून.
जायला जागा होती.

पत्राही त्याच रात्री गेला.
मावशीच्या माळ्यावर दोघी, एका चटईवर.
बोलल्या नाहीत.
मावशीने भाताचा डबा मध्ये ठेवला,
आईने झाकण काढलं.

आता नवा पत्रा आहे, चांगला जाड.
बाटल्या तीनशे वीस.
कालव्यातली एखादी रानटी मादी
त्यांच्यापैकी कुणाला तरी भेटली असणार,
कारण कधीमधी जाळीत पिल्लू येतं: मातकट,
सहज नजरेतून सुटेल असं.
उन्हात धरलं तर शेपटीच्या कडेला
केसाएवढी निळी रेघ.
याचे पैसे कुणी देणार नाही.
सोडून देते.
आई विचारते, काय होतं गं?
काही नाही म्हणते मी,
आणि पुठ्ठे मोजायला बसते.