उजवा कौल

हडर्सफील्डला सपाट रस्ता म्हणून नाही.
पहिल्या परीक्षेत चढावरच गाडी मागे घरंगळली,
पाठच्या पावाच्या व्हॅनने हॉर्न दाबून धरला,
शेजारच्या बाईंनी टॅबवर नुसतं बोट टेकवलं.
आई कुडाळहून म्हणाली, अमावास्या होती गो.

दुसऱ्या वेळी चाकाखाली लिंबू ठेवलं.
कीथ हर्स्टने, एकतीस वर्षं गाडी शिकवणाऱ्या माणसाने,
ते वाकून उचललं, पुसलं, खिशात टाकलं.
"चहात पिळतो. टायरला कशाला?"
मग म्हणाला, या खेपेला तू पास,
आणि टकटक करायला लाकूड शोधू लागला.
गाडीत सगळं प्लास्टिक.
शेवटी स्वतःच्या टकलावर दोनदा वाजवलं.
नापास.

तिसऱ्या वेळी आईने कौल लावला.
ओल्या पाषाणावर पाकळ्या, गुरवाचं गाऱ्हाणं,
"परदेशात गेलल्या चेडवाक गाडयेचा लायसन गावांदे, रे म्हाराजा,"
आणि उजवी पाकळी सुटली.
आमच्याकडे पहाटेचे तीन.
मी केअर होममध्ये मिस्टर ऑलरॉइडना
कुशीवर वळवत होते, फोन खांद्यात धरून.
सकाळची पहिली बस सहा चाळीसला,
रविवारी तीही नाही.
मला देव नको होता, गाडी हवी होती.
पण ऐकून पाठ ताठ झाली, खोटं कशाला सांगू.

त्याच दुपारी राउंडअबाउटवर
उजवीकडून येणारी लाल गाडी मला दिसलीच नाही.
कौल मिळालाय तर बघायचं कशाला,
असं मनात आलं होतं का?
आलं असावं.

चौथ्या वेळी कोणाला सांगितलंच नाही.
तीन आठवडे ड्यूटी सुटली की कीथ,
आणि त्याच चौकाला फेऱ्या,
घड्याळाच्या दिशेने,
म्हणजे देवाला घालतात तशाच.
तो एवढंच म्हणायचा: उजवीकडे बघ. परत बघ.
पावसात, धुक्यात, शाळा सुटायच्या गर्दीत.
किरकोळ चुका अकरा. पंधरापर्यंत माफ.
एवढी सूट मला कुठल्या देवाने दिली होती?

आई जराही चकित झाली नाही.
"मगे? कौल उजवो होतो. तारीख खय सांगल्यान देवान?"
अगं, मी शिकले.
"शिकलंस ता बरां झालां. नारळाचे पैशे धाड."

धाडले. पाच नारळांचे.

आता पहाटे काचेवरचा बर्फ खरवडून निघते.
चौकाशी थांबते, उजवीकडे बघते.
रस्ता रिकामा.
तरी परत बघते.
हे दुसरं बघणं कोणासाठी,
ते कीथला विचारलेलं नाही.
आईला तर नाहीच.