रूम सात, शर्ट एक

माणसं मला चादरीवरून कळतात.
कोण रात्रभर कूस बदलतो, कोण पलंगावर बसून चिकन खातो,
कोण मध्ये उशी ठेवून झोपलं.
तुझी चादर पहिल्या दिवशी
एका कडेलाच चुरगळली होती,
जणू उरलेला पलंग दुसऱ्या कुणाचा
आणि तू तिथे भाड्याने.

चिठ्ठीवर होतं : एच. दामले. पँट दोन, शर्ट एक,
बटण नाही, चालेल.
मला चालत नाही.
मी बटण लावलं. धागा जरा पिवळट,
मोरजीच्या दुकानात तसलाच मिळतो.

तू म्हणालास, सगुण? म्हणजे ज्याला रूप आहे तो.
आणखीही बरंच म्हणालास, दारात, टॉवेलवर.
आईने नुसतं आज्याचं नाव ठेवलं होतं.
मग आडनाव. मडवळ म्हटल्यावर
तुझ्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकलं.
मी हे सगळं मानत नाही, म्हणालास.
मी म्हटलं, इस्त्री तापलीय, येतो.

रात्री आलो.
ज्या पलंगाचे कोपरे मीच दुपारी ताणून दुमडले होते
त्यावर बसायचं कसं, सुचेना.
तू हसलास. तुला वाटलं मी लाजतोय.
मी पाहत होतो, डाग कुठे पडेल.

पण हेही खरं, की माझ्या हातांवरचे इस्त्रीचे चटके
तुझ्याआधी कुणी मोजले नव्हते.
एकेकावर बोट ठेवून विचारत गेलास, हा कधीचा, हा?
अकराच आहेत.
बारावा मी खोटा सांगितला, दंडावर, वरती,
बोट थांबू नये म्हणून.

चौथ्या दिवशी तेरेखोल.
केरीच्या फेरीत गाडीला पैसे पडतात, चालणारा फुकट.
मी गाडीतून उतरलो आणि चालत चढलो.
काच खाली करून तू विचारलंस, काय झालं?
काही नाही रे.
एकदा तरी तुझ्याबरोबर माझ्या पैशांनी जायचं होतं,
म्हणजे बिनपैशांनी.

जेवताना वेटर निघाला माझा मावसभाऊ उल्हास.
मेनू तुझ्या हातात दिला,
मला म्हणाला, तूं हांगा?
तू इंग्रजीत मागवत सुटलास.
टेबलाखाली मी तुझा गुडघा दाबला. तुला आवडलं.
मला सांगायचं होतं :
इसवण घेऊ नको, बर्फातलं आहे.

शेवटच्या सकाळी रूम सातची चादर
बाकीच्यांच्या टोपलीत आली.
वाळू, खोबरेल, मधोमध चुरगळलेली.
मला ती वाचवेना.
मशीनमध्ये नाही टाकली. मागच्या विहिरीवर नेली,
आणि बाप धुवायचा तसं,
मी करणार नाही म्हणून सांगितलं होतं तसं,
दगडावर धुतली.

तू अकराला गेलास.
तेरेखोलला घातलेला शर्ट दोरीवर राहिला.
वहीत नोंद झाली : शर्ट, पांढरा, एक.
शेरिलने रिसेप्शनवरून फोन लावला, स्पीकरवर.
मी शेजारी उभा, शर्ट हातात.
सर, कुरिअर करू?
मागे लिफ्टमधली बाई दरवाजा बंद करायला सांगत होती.
तू म्हणालास, राहू दे.

शेरिलने लिहिलं : गेस्टला नको.
तिचं मराठी कामापुरतं आहे.
राहू दे म्हणजे नको असं नाही. म्हणजे,
तसंही होतं.
पण घरी पाहुणा उठायला लागला
की आई पण तेच म्हणते.

तीन महिन्यांनी वस्तू नोकरांची, असा इथला नियम.
उद्या भरतील.
आज पुन्हा इस्त्री फिरवली,
बटणाभोवती जपून.
मला तो खांद्यांत होणार नाही,
हे मला दोन्ही हातांनी माहीत आहे.