बुळबुळ

आई मोरीचा दगड नारळाच्या शेंडीने घासायची.
बुळबुळ राहिली की घर घसरतं, म्हणायची.
मी आता बुळबुळीचाच पगार घेते.

नंदेसरीच्या पलीकडे, कंपनीच्या बसने पाऊण तास,
एक गोल टाकी, तीत पुरुषभर दगड,
आणि दगडांवर ती.
नखाने खरवडली तर नखाखाली येते,
नाकाशी नेली तर ओली माती, थोडं शिळं ताक.
वरचा नळ गोल फिरत शिंपडत राहतो
कारखान्यांनी टाकून दिलेलं पाणी:
सोमवारी निळं,
गुरुवारी असं लाल
की नवीन माणूस एक पाऊल मागे सरकतो.

बाबा या लालमध्ये एकतीस वर्षं होते.
दांडिया बाजारच्या दोन खोल्यांत
त्यांची उशी वेगळी ओळखू यायची. अभ्रा गुलाबी, घामाने.
अस्थी गोळा करताना मी उगाच रंग शोधला.
नव्हता.
आगीने जे एका रात्रीत केलं
ते हे जंतू तीन दिवस घेऊन करतात,
धूर न करता.

एकटा जंतू काही करत नाही, नुसता हिंडतो.
मग कुठे दगडाला टेकतो, एक रेणू सोडतो,
म्हणजे, मी इथे आहे.
शेजारचा सोडतो. त्याच्या शेजारचा.
आमच्या सोसायटीत कधी भरला नाही
तो कोरम इथे भरतो,
आणि सगळे मिळून चिकाचं छप्पर घालतात.
वरच्यांना हवा, तळच्यांना अंधार.
रंग तुटतो तो अंधारात.

फेब्रुवारीत कौशलसाहेब बदलून आले.
पाहणीला मंडळी यायची होती.
हे इतकं घाण का, त्यांनी विचारलं,
आणि उत्तराआधीच ब्लीचिंगची अकरा पोती उतरली.
दगड दंतमंजनाच्या जाहिरातीसारखे झाले.
पाहुण्यांनी फोटो काढले.
तिसऱ्या दिवशी पाणी जसं आत आलं
तसंच बाहेर गेलं, लालेलाल,
सगळ्यांच्या समोरून.

भूपतभाई म्हणाला, चलो बेन.
बाबांचा कारखाना बंद पडून सहा वर्षं झाली,
मागच्या भिंतीची गटार मात्र होती.
तिथल्या विटांवर काळा चीक, बोटभर.
त्या रंगावर उपाशी राहून, मरून,
जे उरले होते
ते हे खायला शिकले होते.
आम्ही दोन बादल्या भरल्या, वर ओलं गोणपाट.
एक स्कूटरच्या पायाशी, एक माझ्या मांडीत,
शेजारणीकडून विरजण आणावं तशी.
सिग्नलला एक बाई नाक दाबून म्हणाली, आ शुं छे?
भूपतभाई म्हणाला, मेळवण.

मग रोज गुळाचं पाणी. रोज थोडंसंच लाल.
साहेब दोनदा येऊन काही न बोलता गेले.
मी दगडावर बोट फिरवायची, कोरडं. खरखरीत.
एकोणिसाव्या दिवशी
बोट घसरलं.

आता काचेची नळी उजेडाला धरते
तेव्हा पलीकडचा लिंब दिसतो, हिरवा.
रंग गेला म्हणजे विष गेलं असं नाही.
तुटून जे उरतं ते डोळ्यांना दिसत नाही,
ते पुढच्या टाकीतल्यांचं काम,
आणि त्यांचं काय चाललंय ते कागदच सांगतो.
पण नळी हातात असते तेवढा वेळ
मला हे विसरायला आवडतं.

बाबांना दाखवलं असतं तर म्हणाले असते,
रंग उडाला म्हणजे माल परत येणार.

घरी आले की पदर खोचून
मी मोरी घासतेच.