दीड इंच माया

चरईतल्या माझ्या दुकानाची पाटी
न्यू स्टाइल टेलर्स
रंगवली तेव्हा स्टाइल खरंच न्यू होती.
आता अर्धा न उडालाय.
कुरिअरवाला फोनवर विचारतो,
यू स्टाइल कुठे आलं?
मी म्हणतो, ये, तेच.

हल्ली काम म्हणजे चेन बदलणं,
घोडबंदरच्या टॉवरमधून येणाऱ्या
जीन्सची लांबी कापणं,
वॉचमनच्या पँटीला हूक.
कापड घेऊन कोणी येत नाही.
टेप गळ्यात असतो, सवयीने,
डॉक्टरच्या नळीसारखा.

मंगळवारी दुपारी एक मुलगी आली,
पिशवीतून काढून टेबलावर टाकली
चॉकलेटी टेरीकॉटची बेलबॉटम.
डांबरगोळ्यांचा वास दुकानभर.
‘कंबर माझ्या मापाची करा.
मोहरीला कात्री लावायची नाही.
चोवीस आहे, चोवीस राहिली पाहिजे.’

हे वाक्य मी ऐकलं होतं.
असंच, मान तिरकी करून.

पँट उलटी केली.
बाहेरून कपडा घालणाऱ्याचा,
आतून तो आमचा.
खिशाला निळ्या पट्ट्यांचं कापड,
कुणाच्या तरी पायजम्यातलं उरलेलं.
चॉकलेटी पँटीला निळा खिसा कोण लावतं?
मी लावला होता.
शहात्तर साल, दिवाळी चार दिवसांवर,
अस्तर संपलेलं,
आणि गिऱ्हाईक स्टुलावर ठाण मांडून.

‘कुणाची गं?’
‘आजोबांची. चेंदणीचे. नाखवा.
म्हणाले, शिंपी असला तर त्यालाच दे,
नसला तर घेऊन ये परत.’
मग जरा थांबून,
‘पैसे आधी देऊ नकोस, असंही म्हणाले.’

मापाच्या वह्या पोटमाळ्यावर आहेत.
गुडघे नको म्हणत होते, तरी चढलो.
सातवी वही, वाळवीने कड खाल्लेली:
काशिनाथ नाखवा. वागळे इस्टेट, सेकंड शिफ्ट.
कंबर अठ्ठावीस. मोहरी चोवीस,
खाली दोन रेघा, एक सूतही कमी नको.
बाकी अकरा रुपये.

मुलीला काही बोललो नाही.
वही मिटली, शिलाई उसवायला घेतली.

मागच्या शिवणीत दीड इंच माया सोडली होती.
माणूस लग्न करतो, सुटतो,
म्हणून सोडायची असते.
नाखवा काही सुटला नाही.
माया तशीच राहिली दुमडून,
पन्नास वर्षं, कुणी हात न लावता.
उलगडली तर आतला रंग
जांभळी नाक्याच्या गठ्ठ्यातून
आत्ता फाडून आणल्यासारखा.
बाहेरचं सगळं विटलेलं, आणि मध्ये ही पट्टी.

म्हटलं, पट्टी दिसेल. रंगवून देऊ?
‘नको,’ ती म्हणाली, ‘दिसू दे की.’

एक इंच सोडला.
अर्धा राखून ठेवला.
पुढचं कोण येईल सांगता येत नाही.

घालूनच निघाली ती.
मोहरीच्या आत काठाला पितळी चेन लावायचो आम्ही,
रस्त्यावर घासून कापड फाटू नये म्हणून.
तलावपाळीकडे वळेपर्यंत
ऐकू येत होती डांबरावर,
खर्र, खर्र.
त्या काळी संध्याकाळी सगळी गल्ली
असाच आवाज करायची.
आम्हाला वाटायचं, आवाज आमच्या रुबाबाचा.

शुक्रवारी तिची मित्रमंडळी आली, तिघं.
एकाच्या मोबाइलमध्ये तिचा फोटो.
‘काका, आम्हालाही अशीच जुनी शिवून द्या.’
म्हटलं, जुनी मला शिवता येत नाही.
मी नवीच शिवतो.
जुनी तुम्ही करायची, घालून घालून.
तिघंही हसले. बहुतेक त्यांना कळलं नाही.
तरी स्टुलावर एकेक चढले, मापं दिली.
टेप पायाशी नेताना हात थोडा थरथरला,
तो मात्र वयाचा.

रात्री दुकान बंद करण्याआधी
वहीत तिचीही नोंद केली, त्याच पानावर,
आजोबांच्या खाली जागा होती:
नाखवा, चेंदणी. कंबर तीस.
मोहरी वरीलप्रमाणे.
बाकी वरीलप्रमाणे.

त्या तिघांकडून मात्र
पैसे आधीच घेतले.